गेल्या वर्षीचा आज

तुलना हा उद्योग माणसाच्या पाचवीला पुजलेला आहे. मूल जन्माला येऊन तासही झालेला नसतो, तोच आत्या म्हणते, "नाक अगदी आमच्याकडचं हो!" लगेच मावशी म्हणते, "छे, आमच्याकडे सगळ्यांची अशीच." पुढे ते मूल शाळेत गेलं की शेजारच्या मुलाचे मार्क, नोकरीला लागलं की मावसभावाचा पगार आणि लग्न झालं की बायकोच्या मैत्रिणीचा नवरा. माझ्यापुरतं सांगायचं तर जन्मापासून आजपर्यंत मी ह्या सर्व तक्त्यांत नेहमी दुसऱ्या रकान्यात होतो. त्यामुळे वयाच्या पासष्टाव्या वर्षी, नुसत्या बोटानं दाबून कशाचीही कशाशीही तुलना करून देणारं यंत्र हाती आलं तेव्हा मला जो आनंद झाला, तो वाचकांनी समजून घ्यावा. आयुष्यात पहिल्यांदाच रकाने पाडायचा अधिकार माझ्याकडे आला होता.

त्याचं असं झालं. डोंबिवलीत आमचं पोळीभाजीचं आणि फराळाचं दुकान आहे. 'आमचं' म्हणजे सौभाग्यवतींचं. माझं त्यात एक स्टूल आहे. संध्याकाळच्या लोकलमधून उतरलेली माणसं 'आज भाजी काय करायची' हा प्रश्न घेऊन जिना उतरतात आणि त्याचं उत्तर आमच्याकडून पिशवीत घालून घेऊन जातात, असा साधा धंदा. २०२२ साली आमच्या चिरंजीवांनी (हे ऐरोलीला संगणकाच्या कंपनीत असतात) दुकानात बिलाचं सॉफ्टवेअर बसवलं. त्याच्या पासवर्डला मात्र हिनं मला कधी हात लावू दिला नव्हता. २०२४ च्या जुलैत लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी ही नाशिकला गेली आणि जाताना किल्ल्या, गॅसवाल्याचा नंबर आणि पासवर्ड ह्या तिन्ही गोष्टी नाइलाजानं माझ्या स्वाधीन केल्या. "फक्त बिलं करा," असं बजावूनही ठेवलं.

पण त्या सॉफ्टवेअरमध्ये डॅशबोर्ड नावाचं एक पान होतं. वर इंग्रजीत 'रेव्हेन्यू' लिहिलेलं. रेव्हेन्यू म्हणजे महसूल, आणि महसूल म्हटला की मला तलाठी आठवतो. इथं तलाठी नव्हता. इथं दोन चौकटी होत्या. पहिल्या चौकटीत अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत असं निवडायचं. खाली 'तुलना करा' अशी खूण. ती दाबली की दुसरी चौकट उघडायची. तिच्यात दुसऱ्या तारखा घालायच्या. की लगेच पडद्यावर दोन रेषा. पहिल्या तारखांची निळी, ठसठशीत. दुसऱ्या तारखांची राखाडी, तुटक तुटक, गेल्या वर्षीचं भूत निळीच्या मागून चालत असावं तशी. शेजारी टक्का, आणि धंदा वाढला असेल तर हिरवा बाण वर, घटला असेल तर लाल बाण खाली.

पस्तीस वर्षं बँकेत आकडे घातलेल्या माणसाच्या हाती असं काही सापडलं, तर तो बिलं करीत बसेल का?

पहिल्या दिवशी सकाळी साडेदहाला मी पहिल्या चौकटीत 'आज' घातला आणि दुसऱ्या चौकटीत 'गेल्या वर्षीचा आज'. हा शब्दप्रयोग आमच्या मराठीच्या मास्तरांनी ऐकला असता तर त्यांनी मला बाकावर उभं केलं असतं, पण यंत्राची त्याला हरकत नव्हती. उत्तर आलं : वजा ७१ टक्के. लाल बाण माझ्या छातीच्या दिशेनं रोखलेला. मी एक ग्लासभर पाणी प्यालो, रक्तदाबाची संध्याकाळची गोळी सकाळीच घेतली आणि चिरंजीवांना फोन लावला.

"अरे, बसला रे धंदा! तुझी आई जाऊन दोन दिवस झाले नाहीत तर एक्काहत्तर टक्के!"

"बाबा, आत्ता किती वाजलेत?"

"साडेदहा."

"गेल्या वर्षीचा दिवस रात्री साडेनऊला संपला होता. आजचा अजून अकरा तास शिल्लक आहे. अर्धा दिवस आणि पुरा दिवस एकमेकांशेजारी कसे ठेवता?"

म्हणजे ह्या हिशोबानं रोज सकाळी आमचं दिवाळं निघायचं आणि रोज रात्री आम्ही वर यायचो. मी गप्प बसलो. गोळीमुळे दिवसभर झोप मात्र छान आली.

दुसरा प्रकार आठवड्याभरात झाला. आमचं दुकान सोमवारी बंद असतं. पण डॅशबोर्डवर सोमवारी विक्री दिसत होती. उपमा, पोळ्या, मेथीची भाजी. दुकान बंद, कुलूप माझ्या हातानं लावलेलं, आणि आत पोळ्या विकल्या जातायत! टेबलावरच्या पोऱ्याकडे मी दोन दिवस संशयानं बघत होतो. शेवटी त्यानं आईची शपथ घेतली. तरी पुढच्या सोमवारी मी शटर अर्धं ओढून तांदळाच्या पोत्यामागे सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत दबा धरून बसलो. आलं फक्त एक मांजर. तिनं काही विकत घेतलं नाही. तरी मंगळवारी बघतो तो सोमवारच्या पोळ्या विकलेल्याच.

रात्री चिरंजीवांनी सेटिंग उघडून पाहिलं. यंत्रानं आमचं दुकान अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर धरलं होतं. तिकडे उन्हाळ्यात मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. म्हणजे मंगळवारी सकाळी डब्याच्या घाईत लोकांनी नेलेल्या पोळ्या यंत्र सोमवारच्या खात्यावर टाकत होतं आणि आमचा मंगळवार मंगळवारी दुपारी साडेबाराला उजाडत होता. दोन वर्षं आमची मध्यरात्र भर दुपारी होत होती आणि दुकानातल्या एकालाही त्याचा पत्ता नव्हता. चिरंजीवांनी घड्याळ डोंबिवलीवर आणलं. मी पोऱ्याला दोन बटाटेवडे देऊन प्रकरण मिटवलं. माफीचा भाव तेव्हा स्वस्त होता.

त्यानंतर मात्र मी शहाणा झालो. चिरंजीवांनी मला तुलनेचं शास्त्र शिकवलं. संपलेले दिवस संपलेल्या दिवसांशीच ताडून बघायचे. दोन्हीकडे दिवसांची संख्या सारखी हवी. आणि वारही सारखे हवेत, कारण जुलै २०२३ मध्ये पाच शनिवार आणि पाच रविवार होते, जुलै २०२४ मध्ये चार-चारच. आमच्याकडे रविवारी अळूवड्या आणि ओल्या नारळाच्या करंज्या असतात. एक रविवार कमी म्हणजे महिन्याचा एक दात पडल्यासारखं. त्यावर उपाय असा की मागे जाताना वर्षभर मागे न जाता बरोबर ३६४ दिवस मागे जायचं. बावन्न आठवडे झाले, वाराला वार जुळला. हे ऐकून मी इतका फुशारलो की दोन दिवस गिऱ्हाइकांना सुट्या पैशांबरोबर हेही सांगत होतो. एक गिऱ्हाईक म्हणालं, "काका, पोळ्या गार होतायत."

अशा सर्व तयारीनिशी १६ ऑगस्टला, शुक्रवारी, मी तो ऐतिहासिक तक्ता काढला. पहिल्या चौकटीत संपलेले तीस दिवस : १७ जुलै ते १५ ऑगस्ट २०२४. दुसऱ्या चौकटीत बरोबर ३६४ दिवस मागे : १९ जुलै ते १७ ऑगस्ट २०२३. बुधवारसमोर बुधवार, गुरुवारसमोर गुरुवार. दिवस तीसच्या तीस. घड्याळ डोंबिवलीचं. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती.

एकूण विक्री वजा ३१ टक्के. मग मी पदार्थवार यादी उघडली. साबुदाणावडा : अधिक ६४ टक्के, हिरवा बाण. अनारसे : वजा ९१ टक्के. इतका लाल बाण मी तोवर पाहिला नव्हता.

मी वही काढून तीत लिहिलं, 'ग्राहकाची अभिरुची बदलत आहे. तरुण पिढी गोडाकडे पाठ फिरवून साबुदाण्याकडे वळली आहे.' हे वाक्य लिहून झाल्यावर मला स्वतःचाच अभिमान वाटला. चिरंजीवांना दाखवलं. त्यांनी आकडे तपासले, तारखा तपासल्या, वार तपासले आणि म्हणाले, "बाबा, ह्या खेपेला बरोबर आहे." बापलेकांचं एकमत झालं म्हणजे आपत्ती जवळ आलीय असं आमच्या घरात समजतात. पण समजणारी व्यक्ती नाशिकला होती.

मी दोन निर्णय घेतले. एक, साबुदाण्याची दोन पोती मागवली. दुसरा निर्णय मावशींबद्दल होता.

मावशी आमच्याकडे अनारसे करतात. २०१३ पासून. सत्तरीच्या बाई, पण तांदूळ बघायचा त्यांनीच. तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, उपसून पंचावर पसरायचा, ओलसर असतानाच कुटायचा, गूळ घालून गोळे करून मुरत ठेवायचे. मग खसखशीवर थापून तुपात सोडायचा, खसखस वर ठेवून. जरा कुठं चुकलं तर तो तुपात विरघळून पसरतो. त्याला बायका 'अनारसा हसला' म्हणतात. आमच्या दुकानात हसणारी एवढी एकच वस्तू आहे आणि मावशी असल्या की तीही हसत नाही. एरवी त्या आठवड्यातून दोनदा येत, दिवाळीत रोज. मी म्हटलं, दिवाळीला बाहेरून अनारसे आणू. वजा ९१ टक्के म्हणजे चेष्टा नव्हे.

मी त्यांना नुसतं सांगितलं नाही, तर पडद्यासमोर नेऊन दाखवलं. बँकेची सवय. कर्ज नाकारायचं तरी कागद दाखवून नाकारायचं.

"हे लाल काय म्हनायचं, साहेब?"

"हे तुमचे अनारसे, मावशी. गेल्या वर्षी एवढे खपत होते, आता एवढेच. आकडेच सांगतायत बघा. माझं काही नाही ह्यात."

त्यांनी त्या बाणाकडे थोडा वेळ पाहिलं. "बरं," म्हणाल्या. हात धुतले, पदराला पुसले. खसखशीची पुडी नीट दुमडून फळीवर ठेवली. छत्री घेतली आणि पायरीवरून वळून म्हणाल्या, "पुढला धोंडा ज्येष्ठात पडतोय. तवा लागलं तर सांगा."

निघताना माणसं काही तरी बोलायचं म्हणून बोलतात, तसं ते असावं असं मला वाटलं. मी "हो हो, नक्की" म्हटलं.

चार दिवसांनी ही नाशिकहून आली. बाळाचे फोटो दाखवायच्या आधी दुकानात गेली. साबुदाण्याची पोती पाहिली, फळीवरची खसखशीची पुडी पाहिली आणि विचारलं, "मावशी कुठायत?"

ह्याच क्षणाची मी वाट बघत होतो. मी डॅशबोर्ड उघडला, दोन्ही चौकटी दाखवल्या, बाण दाखवला, अभिरुचीचं वाक्य वाचून दाखवलं. हिनं चष्मासुद्धा लावला नाही.

"गेल्या वर्षी ह्याच दिवसांत तुम्ही चांदीच्या ताटासमोर काय घेऊन बसला होतात?"

"कुठं?"

"माझ्या माहेरी."

"...अनारसे."

"किती?"

"तेहेतीस."

"का बरं तेहेतीस?"

माझा आवाज आत गेला. "अधिक महिन्याचं वाण. जावयाला."

"आणि आईनं ते आणले कुठून होते?"

"आपल्याच दुकानातून."

"मग?"

त्या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि चिरंजीव तर एव्हाना मोबाइलवर बोलत गच्चीवर निघून गेले होते. हिनं पलंगाखालच्या ट्रंकेतून २०२३ चं कालनिर्णय काढलं. दुधाचे खाडे, गॅसच्या टाक्या आणि भिशीच्या तारखा लिहिलेल्या असतात म्हणून ही जुनी कॅलेंडरं टाकत नाही. मी त्याला आजवर रद्दी म्हणत आलो. तिनं जुलैचं पान माझ्यापुढे धरलं. १८ जुलै ते १६ ऑगस्ट २०२३, अधिक श्रावण. माझ्या दुसऱ्या चौकटीतल्या तीस दिवसांपैकी एकोणतीस दिवस धोंड्याचे होते. डोंबिवलीतल्या यच्चयावत सासवा त्या महिन्यात जावयांसाठी तेहेतीस-तेहेतीस अनारसे नेत होत्या आणि मी त्याला ग्राहकाची कायमची अभिरुची समजून बसलो होतो.

"आणि हा साबुदाणा," ती पोत्यावर हात ठेवून म्हणाली, "ह्या वर्षी तुमचा पहिला दिवसच आषाढी एकादशीचा, १७ जुलै. श्रावण लागला ५ ऑगस्टला. गेल्या वर्षी निज श्रावण लागायलाच १७ ऑगस्ट उजाडला. लोक उपास करतायत हो. त्यांना साबुदाणा आवडायला लागलेला नाही."

वाचकहो, ह्यातली गंमत अशी की मला हे सगळं ठाऊक होतं. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ चं. दर वर्षी अकरा दिवसांची उधारी साचते आणि पंचांगवाले दर अडीच-तीन वर्षांनी एक अख्खा महिना आत घालून ती फेडतात, हे मी शाळेत शिकलो होतो. माझे सासरे कऱ्हाडला किराणा दुकान चालवायचे. त्यांचं वर्ष पाडव्याला सुरू होऊन दिवाळीला संपायचं. प्राप्तिकराच्या कायद्यानं १९८९ पासून सगळ्यांना ३१ मार्च ही एकच तारीख लावून दिली, तरी वहीपूजनाची वही त्यांनी सोडली नाही. आता दिवाळी ते दिवाळी हेही वर्ष काही सरळ नसतं. २०२२ चं लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ चं १२ नोव्हेंबरला, म्हणजे मध्ये ३८४ दिवस. तिथून २०२४ चं १ नोव्हेंबरला, म्हणजे ३५५ च. पण सासऱ्यांच्या वहीत डाव्या बाजूला एक चिंचोळा रकाना असायचा. त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं : 'धोंडा'. 'पाऊस फार'. 'एस्टीचा संप'. 'समोर लग्न'. दोन वर्षांची बेरीज करण्याआधी ते तो रकाना वाचायचे. डॅशबोर्डला तो रकाना नव्हता.

आणि बँकेत तर मी स्वतः उलट्या बाजूला उभा होतो. ३१ मार्च जवळ आला की आमचे मॅनेजर ओळखीच्या व्यापाऱ्यांना फोन करायचे, "दोन दिवसांपुरते पैसे ठेवा हो." ३१ च्या रात्री शाखेच्या ठेवी दिवाळीतल्या आकाशकंदिलासारख्या झळाळायच्या आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कंदील उतरायचा. वरच्या साहेबांना मार्च ते मार्च वाढच वाढ दिसायची. तारीख निवडणारा उत्तरही निवडतो, हे मी पस्तीस वर्षं पगार घेऊन शिकलो होतो. पण ते लबाडीनं तारीख निवडणाऱ्यांबद्दल. इथं मी अत्यंत प्रामाणिकपणे, वाराला वार जुळवून, चुकीची तारीख निवडली होती. प्रामाणिक माणसाची तपासणी कोणी करत नाही, हा त्याच्यातला मोठा धोका आहे.

"आणि मावशी काही बोलल्या नाहीत?" हिनं विचारलं.

तेव्हा मला ते पायरीवरचं वाक्य आठवलं. पुढला धोंडा ज्येष्ठात पडतोय. मी हिला सांगितलं. ही काही बोलली नाही. मी शंभर वेळा तिचं बोलणं खाल्लंय, ते पचतं. हे न बोलणं पचलं नाही. त्या बाईनं मला माझी चूक दाखवली होती, तीही मी मान खाली घालू नये म्हणून जाता जाता, आणि मी "हो हो, नक्की" म्हणालो होतो.

"आत्ता जा," ही म्हणाली. "आणि बटाटेवडे नेऊ नका."

लाइनीपलीकडच्या चाळीत मावशींची खोली आहे. पाऊस मी म्हणत होता. वाटेत मी भाषणाची तयारी केली. 'सांख्यिकी', 'संदर्भकाल' असे दोन-तीन चांगले शब्द त्यात होते. मावशींनी दार उघडलं, मला बसायला पाट दिला आणि चहा टाकला. मी सुरुवात केली, "मावशी, त्याचं असं झालं की तारखा जरा..."

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "ताईंचा फोन आलता."

मग चहा गाळता गाळता त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत देतो.

"मी लगीन हून माणात गेले, साहेब, ती बहात्तरच्या दुष्काळात. थोरली जाऊ माज्या आदी तीन सालं आल्याली, सुगीच्या दिसात. सासू म्हनायची, थोरली आली तशा कनग्या भरल्या, धाकटीच्या पायानं रिकाम्या झाल्या. दिसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आन् रातच्याला घरी येऊन हे ऐकायचं. आता पाऊस पडंना, त्यात माजा पाय काय करनार?"

मी विचारलं, "मग पुढं पाऊस झाल्यावर तरी सासूबाईंना पटलं का?"

"झाला की. पुढच्या सालाला लई झाला. सासू म्हनली, थोरलीच्या पुन्याईनं."

आणि त्या हसल्या. मी हसू शकलो नाही. बावन्न वर्षांपूर्वी एका बाईनं सुगीच्या तारखा एका चौकटीत आणि दुष्काळाच्या तारखा दुसऱ्या चौकटीत घालून त्यांच्या नावावर लाल बाण मारला होता. ती बाई निरक्षर होती. मला पस्तीस वर्षांचा अनुभव होता आणि माझ्याकडे मध्यरात्रसुद्धा बरोबर लावलेलं यंत्र होतं. निकाल मात्र शब्दाला शब्द तोच.

सांख्यिकी आणि संदर्भकाल दोन्ही घशातच राहिले. मी म्हटलं, "मावशी, चुकलं माझं. उद्या या."

"तांदूळ भिजत घातलाय का?"

"नाही."

"मग उद्या येऊन काय करू? आज घाला. रोज पानी बदला. तीन दिसांनी येते."

ते तांदूळ मी स्वतः घातले आणि तिन्ही दिवस पाणी मी बदललं. ह्या कामाची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच तीन दिवसांशी केली तर वाढ किती टक्के, हे चिरंजीव सांगू शकले नाहीत. शून्याशी तुलना होत नाही म्हणाले. नुसती एक आडवी रेघ येते. पहिल्या घाण्यातला एक अनारसा तुपात हसला. मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एक डाव पानी कमी बदललं जनू." खरं होतं. दुसऱ्या दिवशी मी विसरलो होतो.

साबुदाण्याचं काय झालं हेही सांगून टाकतो. सप्टेंबर लागतानाच श्रावण संपला आणि दोन पोत्यांपैकी दीड पोतं जसंच्या तसं माझ्या डोळ्यांसमोर बसून राहिलं. ३ ऑक्टोबरला नवरात्र बसलं म्हणून एक पोतं सुटलं. उरलेलं आम्ही घरी खाल्लं, थालीपीठ, खिचडी, पापड, खीर अशा सर्व रूपांत. घरात माझी स्थिती अशी होती की उपास नसतानाही मी उपासाचं खात होतो.

चिरंजीवांनी आता डॅशबोर्डमध्ये तारखेपुढे एक शेऱ्याचा रकाना करून दिलाय. तो भरायचं काम हिच्याकडे. 'मेगाब्लॉक', 'पाणी आलं नाही', 'चौथीचा निकाल', 'हे काउंटरवर' असे शेरे असतात. शेवटच्या शेऱ्याच्या दिवशी विक्री का घटते ह्याची चौकशी मी अद्याप केलेली नाही. तुलना करायची म्हणून कोणी दोन तारखा पुढे केल्या की मी आधी विचारतो, त्या दिवशी दुष्काळ होता की सुगी? परवा शेजारच्यांनी आपल्या मुलाचे आणि आमच्या नातवाचे मार्क शेजारी शेजारी ठेवले तेव्हाही मी हेच विचारलं. ते म्हणाले, "काय संबंध?"

२०२६ चं कालनिर्णय घरात आलं तेव्हा हिनं ते भिंतीला लावण्याआधी मेचं पान उघडलं आणि १७ तारखेभोवती लाल पेनानं गोल केला. तिथून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ. मावशींचा शब्द पंचांगाशी तंतोतंत जुळला होता. गोलाच्या खाली तिनं लिहिलं, 'अनारसे. मावशींना महिनाभर आधी सांगणे.'

त्याच्याही खाली, सासऱ्यांच्या वहीतल्यासारख्या बारीक अक्षरात, आणखी एक ओळ आहे. चष्मा लावून वाचली. 'ह्यांना पासवर्ड देऊ नये.'